पट्ट्याचं जनावर

सुगी आली की रामनगरात दोन वास एकमेकांशी भांडायला लागतात. जंगलाकडून कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येतो. बेळगाव–गोवा रस्त्याकडून डिझेलचा, तापलेल्या ब्रेकचा आणि माझ्या टायरच्या दुकानातल्या जळक्या रबराचा. सकाळी सहाला दोघे बसस्टँडापाशी समोरासमोर येतात आणि अर्धा तास कुणी मागं हटत नाही. धुकं तर असं पडतं, की गेल्या आठवड्यात मी दुकानाचं शटर समजून शेजारी लावलेल्या ट्रकाचा फाळका उघडला आणि आत झोपलेल्या ड्रायव्हरला विचारलं, "कधीपासनं आमच्यात ऱ्हायला?" त्यानंही झोपेतच सांगितलं, "कालपासनं."

शेजारीपाजारी ह्या दिवसांची वर्षभर वाट बघतात. भात घरात येतं, पाहुणे येतात, लग्नाची बोलणी निघतात. मला हे धुकं नको वाटतं. त्यातून कुणीतरी अनवाणी चालत येईल असं वाटत राहतं, आणि कुणी येत नाही.

सुरुवात बसू मास्तरांनी केली. बसवराज मास्तर, हायस्कुलातले ड्रिल मास्तर. शिट्टी गळ्यात घालूनच झोपतात असं त्यांची बायको सांगते, आणि घोरताना ती वाजते असं मी सांगतो. अडीच वर्षांमागं ते कसल्याशा शिबिराला बेंगळुरूला गेले आणि येताना एक खूळ घेऊन आले. दर शनिवारी सकाळी सातला लोकांनी जमायचं, पाच किलोमीटर धावायचं आणि घरी जायचं. वर्गणी नाही, कप नाही, पाहुणा नाही, भाषण नाही. ज्याला यायचं त्यानं यावं, म्हातारा, पोर, बाई, बुवा.

हॉटेलात हे सांगितलं तेव्हा आमच्या गावाला कळेचना.

"फुकट?"

"फुकट."

"पैला आला तर काय मिळणार?"

"काय न्हाई."

"आनी शेवटचा आला तर?"

"टाळ्या."

मी म्हटलं, "अहो मास्तर, मग हरायचं कुणी?"

आमच्या गावात दोन म्हातारे खोकायला लागले तरी कोण आधी थांबतो ह्यावर पैज लागते. हरणारा ठरल्याशिवाय खेळ संपला असं इथं कुणाला वाटतच नाही. तरी पहिल्या शनिवारी नऊ जण आले, त्यात दोन कुत्री. चौथ्या शनिवारी चाळीस. रस्ता ठरला होता: गावाबाहेर जंगलात शिरणारा फाटा धरायचा, अडीच किलोमीटरवरच्या मोरीपर्यंत जायचं, मोरीच्या कठड्याला हात लावायचा आणि परत फिरायचं.

मी पहिल्यांदा धावलो त्या दिवशी अर्ध्या वाटेत मला अशी धाप लागली, की दोन्ही बाजूची सागाची पानं माझ्या श्वासाबरोबर आत-बाहेर व्हायला लागली. वर बसलेला धनेश पक्षी दचकून उडाला तो थेट गोव्यात उतरला आणि अजून परत यायला धजत नाही. मोरीला हात लावला तेव्हा मोरीच हलली. हे मी परत येऊन चहाच्या टपरीवर सांगितलं. लोक हसले, एकानं माझा चहा सांगितला, आणि मला कळलं की धावण्यात राम आहे. धावायचं पाच किलोमीटर, सांगायचं पन्नास.

मास्तरांचा एक नियम मात्र गावाला पेलवेना. सगळ्यांच्या मागं एकानं चालायचं. मुद्दाम. त्यानं कुणालाही मागं टाकायचं नाही. म्हणजे मग धावणाऱ्यांपैकी कुणीच शेवटचा होत नाही, आणि वाटेत कुणी बसला, पडला, तर तो एकटा राहत नाही. त्या माणसासाठी मास्तरांनी केशरी जाकीट शिवून आणलं होतं. पाठीवर कन्नडात आणि मराठीत मोठ्या अक्षरांत, 'शेवटचा'.

ते जाकीट चाळीस जणांच्या हातांतून फिरलं. "पाठीवर असं लिहून गावातनं फिरलो तर पोरीला स्थळ यायचं न्हाई," असं एकानं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या मापाचं नाही. तेव्हा मागून एक हात पुढं आला. काकणं भरलेला, कोपरापर्यंत काळ्या मातीच्या रेघा असलेला.

"द्या हिकडं. मी घालते."

यशोदाअक्का. मोरीच्या पुढं किलोमीटरभर आत, जंगलात, आठ घरांची कुणब्यांची वस्ती आहे, तिथली. शनिवारी ती पहाटे निघून डोक्यावर बुट्टी घेऊन रामनगरच्या बाजाराला यायची. बुट्टीत कणगांचे कंद, केळी, शिकेकाई, कधी रानातली लिंबं. आम्ही जिथं जमायचो तिथं रस्त्याकडेला बसून दम खायची आणि आमची गंमत बघायची. चौकड्यांचं लुगडं, खांद्यावर गाठ, पायात काही नाही.

"अक्का, वाचलंस काय ते? शेवटचा लिवलंय," मी म्हटलं.

"आमच्यात शेवटचाच शाणा असतोय, अण्णा," ती म्हणाली. "रानात चालताना म्हातारी माणसं पुढं, पोरं मधी, आनी जाणता मागं. कोन ऱ्हायला, कोन चुकला, ते म्होरच्याला कसं कळंल?"

त्या शनिवारपासून जाकीट तिचं झालं. बुट्टी मास्तरांच्या मोटारसायकलवर ठेवायची, लुगड्यावर जाकीट चढवायचं आणि आमच्या मागून चालायचं. मी बहुतेक वेळा तिच्यापुढं दहा पावलांवर असायचो, त्यामुळं तिची बडबड मला ऐकू यायची. "अण्णा, श्वास तोंडानं नगो. अण्णा, डावीकडनं चला, हितं मुंग्यांची वाट हाय." एकदा मला म्हणाली, "तुमी पळताय तवा पुढनं बघितलं तर पळल्यावाणी दिसतंय. मागनं बघितलं तर बसायला जागा शोधल्यावाणी."

एक गोष्ट मी पाहिली आणि तेव्हा तिचं हसू आलं, आता येत नाही. फाट्याच्या तोंडाशी जंगल खात्याचा गार्ड असायचा, मंजुनाथ. घाटावरचा, कन्नड बोलणारा. मराठी तो वस्त्यांवर फिरून फिरून शिकला होता. आधी तो हिची बुट्टी उघडून बघायचा. शिकेकाई कुठली, लाकडं कुठली. केशरी जाकीट आल्यावर तोच माणूस हात वर करून म्हणायला लागला, "नमस्कार री, अक्का. आज किती मंदी, किती माणसं?" तोच रस्ता, तीच बाई, तेच अनवाणी पाय. जंगलात शिरणाऱ्याच्या अंगावर जाकीट नसलं तर तो चोर, असलं तर कार्यकर्ता.

हे जाकीट तिला नुसतं मानासाठी नको होतं, हे मला पुढं कळलं. परतीच्या वाटेवर तीच बोलली. वस्तीनं उठून बाहेर, घाटावर जाऊन राहायचं का, ह्याचे जंगल खात्याचे कागद कितीतरी वर्षं तिच्या घरात तुळईला खोचून पडले होते. जबरदस्ती कुणाची नव्हती. सही केली तर जायचं, नाही केली तर नाही. पाच घरं तयार होती. तीन नव्हती; त्यातलं एक यशोदाअक्काचं, आणि उरलेली दोन तिच्या घराकडं बघत होती. ती हलली तर हलणार.

"घरचे म्हणत्यात, जाऊया. दीर म्हणतोय, हितं जनावराचं भ्या हाय, पोरंबाळं हायत," ती म्हणाली. "मी म्हणते, कसलं भ्या? दर शनवारी चाळीस भायेरची माणसं ह्या रस्त्यानं नेते आनी परत आणते. एकाला काटा न्हाई लागला. मग गप बसत्यात."

तिच्या घरातलं सगळं भांडण ह्या एका वाक्यावर तोललेलं होतं. चाळीस नेते, चाळीस आणते. मी ते ऐकलं होतं, चांगलं ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या सुगीतल्या सकाळी आठवल्या की अजून अंगावर गारवा येतो. सागाच्या पानांवरून दव टपकायचं ते पावसासारखं, आणि वर बघितलं तर आभाळ कोरडं. बांबूच्या बेटातून कुणीतरी दार उघडल्यासारखा करकर आवाज. लांब कुठल्यातरी खळ्यावर भात झोडपत असायचे, त्याचा धप, धप, आणि आमच्या बुटांचा थप, थप. कधी कधी दोन्ही एका तालात पडायचे आणि मग सगळं जंगलच आमच्याबरोबर धावतंय असं वाटायचं. शेवटी टपरीवर चहा आणि अक्कानं आणलेली उकडलेली कणगं, गरम, मिठाबरोबर. बँकेतला साहेब, हमाल, नर्सबाई, दोन निवृत्त मास्तर, सगळे एकाच पानावरून उचलून खायचे. ह्यात मी तसूभरही वाढवत नाही. वाढवायची गरज पडली नाही अशी माझ्या आयुष्यातली तेवढीच एक गोष्ट.

मग तो शनिवार.

धुकं दाट होतं. सगळे पुढं गेले, काही जण मोरीला हात लावून उलट येऊन मला 'चला चला अण्णा' म्हणून गेलेही. मोरी शंभर पावलांवर असेल. तेवढ्यात समोर रस्त्यावर काहीतरी हललं. नानेटी. हातभर लांब, करंगळीएवढी जाड, पाठीवर पिवळसर पट्टे. विष नाही, काही नाही, शेतातली पोरं शेपटीला धरून उचलतात ती. रस्त्यावर ऊन शोधत आली असावी बिचारी. मी ट्रकाखाली उताणा झोपून जॅक लावणारा माणूस आहे. दहा टन डोक्यावर असले तरी शीळ घालतो. पण वळवळणारं दिसलं की माझी हवा जाते. मी उभा राहिलो. तीही थांबली. मी मागं फिरलो आणि पाच किलोमीटरांत कधी पळालो नव्हतो असा पळालो.

वाटेत अक्का भेटली, दोन म्हाताऱ्या बायकांना बरोबर घेऊन येत होती.

"काय झालं अण्णा?"

"पायात गोळा आला," मी म्हटलं.

टपरीपाशी पोचलो तर मास्तर घड्याळाकडं बघून उडालेच. "अण्णा! आज एवढ्या लौकर? मोरीला हात लावला न्हवं?"

चाळीस माणसं चहा पीत होती. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. मी म्हटलं, "हात कसला लावताय मास्तर? मोरीच्या अलीकडं जनावर आडवं आलं."

बाजूला गार्ड मंजुनाथ चहा पीत उभा होता. त्याचा ग्लास ओठापाशी थांबला. "जनावर? कसलं जनावर?"

"कसलं म्हंजे? पट्ट्याचं."

"पट्टे? नक्की बघितलं काय?"

"तोंडापासनं शेपटापर्यंत पट्टे हो! पिवळेधमक!"

"केवढं हुतं?"

केवढं हुतं, असं मला विचारू नये. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तो घाटावरचा, त्याला कोण सांगणार? मी दोन्ही हात पसरले. हात अपुरे पडले म्हणून रस्ता दाखवला. "तोंड ह्या गटारात, शेपूट त्या गटारात. मधी सगळं जनावरच. माझ्याकडं बघितलं त्यानं. मी बी बघितलं. मग सावकाश, राजावाणी, झाडीत गेलं."

आता हे समजून घ्या. आमची मुळं खानापुराकडची. आमच्या घरात सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो. जनावर म्हणायचं. जंगलातल्या वस्त्यांवर वाघाला वाघ म्हणत नाहीत, त्याच कारणानं. तेही जनावरच म्हणतात. गार्ड मराठी शिकला वस्त्यांवर, मी शिकलो आईकडं. एका तालुक्यात दोन भीती, आणि दोघींना मिळून शब्द एकच.

मंजुनाथनं ग्लास खाली ठेवला, फोन काढला, पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हुली."

हुली म्हणजे वाघ. रामनगरात तान्ह्या पोरालाही एवढं कन्नड येतं. मलाही आलं. तेवढा एक क्षण होता. 'अहो गार्डसाहेब, साप हो, हातभर साप!' एवढंच ओरडायचं होतं. लोक पोट धरून हसले असते, महिनाभर मला नानेटीअण्णा म्हणाले असते, आणि झालं असतं.

मी तोंड उघडलंसुद्धा. पण ते चाळीसजण माझ्याकडं बघत होते. थाप ऐकताना लोक कसे बघतात ते मला पन्नास वर्षं पाठ आहे. डोळे बारीक होतात, ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन बसतं. त्या सकाळी एकाचेही डोळे बारीक नव्हते. बँकेतला साहेब माझ्याकडं असा बघत होता की जणू मी पहिल्यांदाच त्याला दिसलो. नर्सबाईनं मला बसायला स्टूल दिलं. मी तोंड मिटलं आणि स्टुलावर बसलो.

अक्का सगळ्यांच्या शेवटी आली, दोन्ही म्हाताऱ्यांना घेऊन. तोवर गार्ड निघून गेला होता. "अक्का, वाघ! अण्णानं वाघ बघितला!" लोक ओरडले. तिनं जाकीट काढलं, घडी केलं, आणि माझ्या पायाकडं बघितलं. ज्यात गोळा आला होता त्या पायाकडं.

संध्याकाळी गार्ड कागद घेऊन दुकानात आला. कन्नडात लिहिलेला. मला वाचता येतं, सावकाश. मी वाचला नाही. सही मात्र अशी ठोकली की तिचं शेपूट कागदाबाहेर गेलं. तोंडातली थाप रात्रीपर्यंत विरते. सही केली की तिला पाय फुटतात आणि ती तुमच्या आधी सगळीकडं जाऊन पोचते.

सोमवारी फाट्याच्या तोंडाशी पाटी लागली. संध्याकाळपासून सकाळी आठपर्यंत ह्या रस्त्यानं पायी जाऊ नये. झाडांना कॅमेरे बांधले. खात्याची काय चूक? चांगल्या चालत्या दुकानाचा मालक, पन्नाशी उलटलेला माणूस, सही करून सांगतो म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं? धावणं बंद झालं.

आणि माझी मात्र चंगळ झाली. त्या दिवसांत मी घरी चहा प्यायलो नाही. अनमोडाकडून येणारे ट्रक मुद्दाम थांबायचे. "वाघवाले अण्णा तुम्हीच काय?" आठवड्यात वाघ नऊ फुटांचा झाला, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कपाळावर गंधासारखी रेघ आली, तिसऱ्या आठवड्यात त्यानं माझ्याकडं बघून मान लववली. कॅमेऱ्यात काही येईना, मी म्हटलं, "त्याला काय फोटोची हौस हाय?" लोक त्यालाही माना डोलवायचे. आयुष्यभर मी खोटं बोललो आणि लोक हसले. आता खोटं बोलत होतो आणि लोक गप्प होऊन ऐकत होते. ह्याची चव वेगळी असते. ती लागली की सुटत नाही.

अशातच एके दिवशी दुपारी यशोदाअक्का दुकानात आली. आठनंतर निघावं लागायचं म्हणून तिला बाजाराला उशीर व्हायचा, बुट्टी अर्धी भरलेली तशीच. दुकानात तीन ड्रायव्हर बसले होते, आणि मी वाघाच्या मिशीपर्यंत आलो होतो.

"अण्णा, जरा भायेर येता काय?"

"हितंच बोल की अक्का. सगळी आपलीच माणसं."

तिनं बुट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी गार्डाला सांगा. वाघ न्हवता म्हणून."

"तुला काय ठाऊक?"

"त्या दिशी मी मोरीपतोर गेले हुते, तुमच्या मागनं. माती बघितली. तुमच्या बुटाचा ठसा हाय. थांबल्याला, आनी तिथनं फिरल्याला. दुसरं काय न्हाई." तिचा आवाज चढलेला नव्हता. "गार्डाला सांगितलं मी. तो म्हणतोय, अण्णाची सही हाय, तुजी कुटं हाय? घरात दीर रोज कागद काढून बसतोय. माज्याजवळ बोलायला काय ऱ्हायलं न्हाई. तुमी एक डाव सांगा. तुमचं ऐकत्यात."

एक ड्रायव्हर फिसकन हसला. "काय अण्णा? वाघ हुता का मांजर?"

मी त्या हसण्याकडं बघितलं. तिच्याकडं बघायला हवं होतं.

"माती?" मी म्हटलं, मोठ्यानं. "अगं अक्का, वाघ काय तुज्यामाज्यासारखा चालतोय? उडी मारली त्यानं! ह्या झाडीतनं त्या झाडीत, सरळ! मातीला पाय लागला तर ठसा उमटंल न्हवं?"

दुकान हसण्यानं दणाणलं. एकानं टाळी मागितली, मी दिली. हसणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग बुट्टी डोक्यावर घेतली, चुंबळ सरळ केली आणि गेली. चुंबळ सरळ करायला तिला जरा जास्त वेळ लागला, एवढंच.

त्याला आता दोन वर्षं होतील. वस्तीच्या कागदांवर सह्या होळीच्या आधी झाल्या; तिच्या घरची झाली आणि मागोमाग उरलेल्या दोघांची. उन्हाळ्यात सामानाचा टेंपो माझ्या दुकानासमोरूनच गेला. वर भाताच्या कणगी, मुसळं, लाकडी पाट, दोरीनं बांधलेलं एक दार. घरं मोडून दारं बरोबर नेत होते. मी टायर काढायला खाली वाकलो, आणि टेंपो लांब जाईपर्यंत वाकूनच राहिलो. तो टायर आधीच निघालेला होता.

ह्या सुगीत मास्तरांनी धावणं पुन्हा सुरू केलंय, हायस्कुलाच्या मैदानात. साडेबारा फेऱ्या. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. धुकं तेच, पण भात झोडपल्याचा आवाज तिथं येत नाही. रस्त्यावरच्या हॉर्नचा येतो. मैदानात शेवटचा कोण तेही कळत नाही, पुढचा माणूस फिरून मागच्याच्या मागं येऊन लागतो. मागं चालायला कुणी लागतच नाही. सोय झाली असं मास्तर म्हणतात.

गेल्या शनिवारी शिट्टी वाजायच्या आधी कुणीतरी म्हणालं, "अण्णा, वाघ सांगा की." नवीन दोन-तीन माणसं होती, त्यांना ऐकायचं होतं. मी सांगितलं. पण खरं सांगितलं. नानेटी, हातभर, करंगळीएवढी. पायात गोळा नव्हता. सही न वाचता केली. त्यापायी आठ घरं उठली. सगळं, जसंच्या तसं, हात न पसरता.

मग एकाचे डोळे बारीक झाले. मग दुसऱ्याचे. मग सगळं मैदान हसायला लागलं. बँकेतला साहेब डोळे पुसायला लागला. मास्तर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अण्णा, आता ह्याच्यापुढं जाऊ नका. आठ घरं नानेटीला भिऊन उठली म्हणताय? एवढी मोठी थाप रामनगराला झेपायची न्हाई."

"शपथ मास्तर, खरं सांगतोय."

"हां, हां," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

म्हणून मी परवा बसनं अक्काकडं गेलो. दोन तास. घाट संपतो, झाडं विरळ होत होत बंद होतात आणि मोकळा माळ लागतो. एकसारखी घरं, एका ओळीत, दारावर नंबर. सावली विजेच्या खांबांची तेवढी. पण रस्ता आहे, नळ आहे. तिच्या घराला जुनंच दार बसवलं होतं. नव्या चौकटीला ते बोटभर आखूड पडतं, खालून उजेड दिसतो.

अक्का वाळली होती, पण ओळखायला वेळ लागला नाही. तिनं बसायला पाट दिला. घरचे कामावर गेले होते. "बरं हाय हितं," ती म्हणाली. "दवाखाना जवळ. सासूचं औशद येळेवर मिळतंय. खोटं कशाला बोलू?"

खोटं हा शब्द तिनं साधाच टाकला. मलाच तो टोचला. चहा येईपर्यंतही मला थांबवेना. मी सगळं सांगून टाकलं. तिला ठाऊकच होतं ते तिलाच सांगितलं. ती स्टोव्हकडं तोंड करून ऐकत होती. चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला.

"सांगून झालं?"

"व्हय."

"दुकानात आले हुते तवा मला लागत हुतं ते. तवा दिलं न्हाई. आता घिऊन काय करू, अण्णा? ठेवू कुटं?"

मी चहा प्यायलो. फार गोड होता, की मलाच तसा लागला. गप्प बसणं मला कधी जमलं नाही. त्या दिवशी तरी जमायला हवं होतं. मी म्हटलं, "अक्का, हितं रस्ता बघ कसा सपाट हाय. मोरी न्हाई, चढ न्हाई. शनवारी बायकांना जमव, तू पुढं हो, पळायला सुरू करा. मास्तरांना घिऊन येतो मी. फुकटच असतंय की."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"एक डाव पळून आलो न्हवं हितं," ती म्हणाली. "आता आनी कुटं पळू?"

मग तिनं माझ्या हातातला कप घेतला, माझ्यासमोरच विसळून पालथा घातला, आणि दाराला हात लावून उभी राहिली, मी उठायची वाट बघत.